प्रोस्टेटच्या शेकाआधी सोन्याचे तीन दाणे कशासाठी?

प्रोस्टेट या पुरुषांमधल्या ग्रंथीच्या कॅन्सरला शेक (रेडिएशन, म्हणजे किरणांचा उपचार) द्यायचं ठरतं, कागदपत्रं होतात आणि मग डॉक्टर सांगतात, ‘आधी प्रोस्टेटमध्ये तीन मार्कर, म्हणजे खुणेचे सोन्याचे दाणे, बसवू, आठवड्याने सीटीला या.’ देवगडहून किंवा गुहागरहून मुंबई-कोल्हापूर गाठलेल्या घरच्यांना इथे पहिला प्रश्न पडतो. बायोप्सी झाली, एमआरआय झाला, आता पुन्हा सुई कशाला, आणि आणखी एक फेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण हा एक फेरा वाढतो म्हणूनच पुढचे बरेच फेरे वाचू शकतात. ते कसं, हे कळायला प्रोस्टेट कुठे असते आणि किती हलते हे आधी पाहायला हवं.

हाडं जागेवर, ग्रंथी नाही

प्रोस्टेट लघवीच्या पिशवीच्या खाली आणि मलाशयाच्या पुढे असते. तिची मागची बाजू आणि मलाशयाची भिंत यांत काही मिलिमीटरचंच अंतर असतं. मलाशयात गॅस किंवा मळ साठला की ती पुढे आणि वर ढकलली जाते, रिकामं झालं की मागे बसते. लघवीची पिशवी किती भरली आहे त्यानेही थोडा फरक पडतो. आज आणि उद्याच्या जागेत तीन ते पाच मिलिमीटरचा फरक ही रोजची गोष्ट आहे, कधीकधी तो सेंटिमीटरच्याही पुढे जातो. ही हालचाल मुख्यतः पुढे-मागे आणि वर-खाली होते, डावी-उजवीकडे फार कमी.

पूर्वी रुग्णाला टेबलावर झोपवून कातडीवरच्या खुणा लेझरच्या रेषेत आणत. नंतर एक्स-रे काढून कमरेची हाडं जुळवू लागले. एक्स-रेत हाड स्वच्छ दिसतं, प्रोस्टेट मात्र दिसत नाही, कारण तिची आणि शेजारच्या स्नायूंची घनता जवळपास सारखीच. ती हाडाला घट्ट बांधलेलीही नाही. त्यामुळे हाडं तंतोतंत जुळली तरी ग्रंथी सहा-सात मिलिमीटर सरकलेली असू शकते आणि पडद्यावर त्याचा मागमूसही नसतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे ग्रंथीभोवती मोकळी जागा धरून मोठा भाग शेकणं. त्याची किंमत काय पडते, हे साध्या गणितात दिसतं. प्रोस्टेट चार सेंटिमीटर व्यासाचा गोळा धरली, तर तिचं आकारमान सुमारे ३४ घन सेंटिमीटर. चहूबाजूंनी एक सेंटिमीटर वाढवलं की शेकायचा गोळा ११३ घन सेंटिमीटरचा होतो. तेच अर्धा सेंटिमीटर वाढवलं तर ६५. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे विनाकारण भाजणारी मलाशयाची भिंत आणि लघवीच्या पिशवीचा तळ. शेकानंतर शौचातून रक्त पडणं, वारंवार शौचाला लागणं, लघवीची जळजळ यातलं बरंचसं त्या जादा भागातून येतं. म्हणून ग्रंथी रोज नेमकी कुठे आहे हे कळणं फार मोलाचं आहे.

पाण्याखालचं जाळं दिसत नाही, पण त्याला बांधलेला बोया दिसतो आणि जाळं सरकलं की तोही सरकतो. सोन्याचा दाणा हे काम करतो. तो ग्रंथीतच रुतलेला असतो, तिच्याबरोबर हलतो आणि एक्स-रेत ठळक दिसतो.

दाणा आणि सुई

एक दाणा साधारण तीन ते पाच मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर किंवा किंचित जास्त जाड असतो. सोन्याची घनता पाण्याच्या एकोणीसपट, म्हणून इतका बारीक तुकडाही एक्स-रेत पांढरा ठिपका होऊन उठून दिसतो. तीन मिलिमीटरचे तिन्ही दाणे मिळून वजन एक-दीड गुंज भरतं. सोनं शरीरात गंजत नाही, विरघळत नाही, त्याला सहसा ॲलर्जी येत नाही. पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत किंवा खाचांचा ठेवतात, म्हणजे दाणा पेशींमध्ये धरून राहतो.

एक गैरसमज आधी काढून टाकू. या दाण्यांतून कसलेही किरण निघत नाहीत. ब्रॅकीथेरपीत किरणोत्सारी सीड आत ठेवतात, तो वेगळा उपचार. इथे दाणा फक्त खूण आहे. नातवाला मांडीवर घ्यायला, बायकोशेजारी झोपायला, एसटीत कुणाशेजारी बसायला काहीही हरकत नाही.

तीनच का? एका दाण्याने ग्रंथी किती सरकली एवढंच कळतं, ती वळली आहे का ते कळत नाही. शिवाय तो एकटा दाणाच जागेवरून हलला, तर पकडायचा कसा? तीन दाण्यांचा त्रिकोण होतो. त्याच्या तीन बाजूंची लांबी सीटीत मोजलेली असते. रोजच्या एक्स-रेत त्या लांब्या जुळल्या तर दाणे जागेवर आहेत. एखादा दाणा हलला तर त्याला जोडणाऱ्या दोन्ही बाजू बदलतात, मग त्या दाण्यावर विसंबायचं नाही, उरलेल्या दोघांवर काम चालवता येतं. म्हणून दाणे एका रेषेत नकोत आणि समोरून किंवा बाजूने पाहताना एकामागे एक लपायला नकोत. एक वरच्या टोकाला, एक खालच्या टोकाला, तिसरा मध्यावर विरुद्ध बाजूला, आणि जमेल तिथे एकमेकांपासून दोन सेंटिमीटर दूर, अशी मांडणी चांगली. सायबरनाइफसारख्या, शेक देताना सतत नेम सुधारणाऱ्या मशीनसाठी बऱ्याचदा चार बसवतात.

बसवण्याचं काम पंधरा-वीस मिनिटांचं. आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री करतात, अँटिबायोटिक देतात, एनिमाने पोट साफ करतात. मग मलाशयात बोटाएवढा सोनोग्राफीचा प्रोब जातो आणि पडद्यावर प्रोस्टेट दिसते. जागा बधिर केल्यावर सुई एकतर मलाशयाच्या भिंतीतून जाते किंवा अंडकोषाच्या मागच्या कातडीतून. दाणा सुईतच भरलेला असतो आणि तोंडाशी मेणाचा थेंब असतो, म्हणून तो आधीच गळून पडत नाही. सुईचं टोक ठरलेल्या जागी पोचलं की आतली तार स्थिर धरून सुई मागे ओढतात, दाणा तिथेच राहतो. बायोप्सीत सुईचे दहा-बारा टोचे असतात, इथे तीन. ज्याने बायोप्सी सोसली त्याला हे जड जात नाही.

मलाशयातून गेलेली सुई तिथले जंतू बरोबर नेऊ शकते. कातडीतून गेल्यास हा धोका कमी होतो. मधुमेह असेल, नुकतंच कुठलं अँटिबायोटिक घेतलं असेल किंवा बायोप्सीनंतर ताप आला असेल, तर सुई कुठून घालणार हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. त्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याने गोळी परस्पर सोडणं दाण्यांच्या सुईपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची, हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं.

पुढे तीन-चार दिवस लघवीत गुलाबी झाक, शौचाला थोडं रक्त, आणि वीर्याला काही आठवडे तपकिरी रंग, एवढं होऊ शकतं. थंडी वाजून १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, लघवी अडकणं किंवा रक्ताच्या गुठळ्या, यांतलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. असा ताप पॅरासिटामॉलने दाबून ठेवला, तर जंतू रक्तात पसरून जीवावर बेतू शकतं.

म्हणूनच लांबून आलेल्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. दाणे बसवून त्याच रात्री कोकणकन्या पकडू नका. संसर्गाचा ताप बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो आणि लघवी अडकली तर पहिल्याच दिवशी. तेवढे दोन-तीन दिवस परळ, ठाणे, पनवेल, जिथे नातेवाईक असतील तिथे काढा. पावसाळ्यात तर नक्कीच. दरड कोसळून घाट बंद झाला आणि अंगात ताप असला, तर जवळचं तालुक्याचं गाव गाठणंही कठीण होतं. घरी परतताना डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा आणि त्यावर अँटिबायोटिकचं नाव आहे ना ते पाहून घ्या. रात्री ताप भरला तर कुडाळ-चिपळूणच्या डॉक्टरांना त्या एका ओळीवरून पुढचं औषध निवडता येतं.

मधला आठवडा

सुई गेलेल्या जागी सूज येते, थोडं रक्त साचतं. त्याच दिवशी सीटी काढला तर सुजलेली ग्रंथी आणि अजून न रुतलेले दाणे यांवर किरण कुठे द्यायचे याचा सगळा आराखडा बेतला जाईल. आठवड्याभरात सूज उतरते आणि दाणा धरतो. एखादा सुटून लघवीवाटे निघून जायचा असेल, तर तोही बहुधा याच काळात जातो. त्यामुळे सीटीत दोनच दाणे दिसले तरी घाबरायचं कारण नाही. दोघांवरही काम होतं, फक्त ग्रंथी किती वळली हे नीट कळत नाही.

हार्मोनचं इंजेक्शन चालू असलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्याने पहिल्या दोन-तीन महिन्यांत प्रोस्टेट चांगलीच आकसते आणि दाणे एकमेकांजवळ येतात. दाणे आधी बसवले तरी चालतं, पण सीटी ग्रंथी आकसल्यावरच व्हायला हवा, नाहीतर त्रिकोण रोज लहान होत जातो आणि जुळवाजुळव फसते.

सीटीत दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप घेतात. जाड कापांत तीन मिलिमीटरचा दाणा अर्धा इकडे अर्धा तिकडे विभागला जातो. ग्रंथीची कड एमआरआयमध्ये जास्त स्पष्ट दिसते, म्हणून दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवतात. एमआरआयमध्ये सोनं काळा ठिपका दिसतं, आणि प्रोस्टेटमधला चुन्याचा जुना खडाही तसाच काळा दिसतो. खडा दाणा समजला गेला तर सगळा मेळ बिघडेल, म्हणून फिजिसिस्ट (किरणांचं मोजमाप पाहणारे तज्ज्ञ) सीटीशी ताडून खात्री करतात. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर त्या धातूच्या सावलीत दाणे झाकले जातात, ते आधीच सांगितलेलं बरं.

टेबलावर रोज काय होतं

रुग्ण टेबलावर झोपतो, गुडघ्याखाली आधार असतो. मशीन काटकोनात दोन एक्स-रे काढतं. पडद्यावर सीटीतले दाणे रिकाम्या वर्तुळांसारखे दाखवलेले असतात आणि आजचे दाणे पांढऱ्या ठिपक्यांसारखे. समजा आजचे ठिपके वर्तुळांपासून चार मिलिमीटर पुढे आणि तीन मिलिमीटर वर आहेत. तंत्रज्ञ टेबल तेवढंच उलट दिशेला सरकवतो, ठिपके वर्तुळांत बसतात, मगच किरण सुरू होतात. रुग्णाला फक्त टेबल किंचित हलल्यासारखं वाटतं. किरणांचं काम दोन-चार मिनिटांचं, सगळं मिळून पंधरा-वीस.

दाणे जागा सांगतात, पण मलाशयाचा आणि लघवीच्या पिशवीचा आकार सांगत नाहीत. प्रोस्टेटमागच्या वीर्यकोषांचीही हालचाल स्वतंत्र असते. म्हणून चांगल्या केंद्रांत अधूनमधून किंवा रोज मशीनवरच छोटा सीटी काढतात. त्यात मलाशय गॅसने फुगलेलं दिसलं तर रुग्णाला उठवून फिरायला लावतात, गॅस निघाला की पुन्हा झोपवतात. असं उठवलं म्हणून चिडू नका. २००५ साली अमेरिकेतल्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरच्या डॉक्टरांनी जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचं मलाशय आराखड्याच्या सीटीत फुगलेलं होतं, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्या उपचारात प्रोस्टेटची जागा रोज पाहिली जात नव्हती. सीटीच्या दिवशी ग्रंथी पुढे ढकललेली, नंतर रोज मागे बसलेली, आणि किरण मात्र पहिल्याच जागी पडत राहिले.

तेव्हा अर्धं काम दाणे करतात आणि उरलेलं अर्धं रुग्णाच्या हातात आहे. सीटीच्या दिवशी जसं पोट होतं, तसंच रोज हवं. बहुतेक ठिकाणी सांगतात ते असं: शौचाला जाऊन या, लघवी पूर्ण करा, मग सुमारे अर्धा लिटर पाणी दहा-पंधरा मिनिटांत प्या आणि पाऊण तास ते तासभर थांबा. नेमकं प्रमाण केंद्रागणिक बदलतं, आपल्याला सांगितलेलंच पाळा. यात फसण्याची एक जागा आहे. वाटेत लघवीला थांबायला नको म्हणून माणसं गाडीत पाणीच पीत नाहीत. मे महिन्याच्या घामात असा सुकलेला देह अर्धा लिटर पाणी स्वतःच शोषून घेतो आणि तासाभरानेही पिशवी रिकामीच राहते. म्हणून आदल्या दिवसापासून पाणी नीट प्यायला हवं. उलट, मशीनला उशीर होऊन कळ असह्य झाली तर गप्प बसू नका, तंत्रज्ञाला सांगा. थोडी लघवी करून पुन्हा पाणी पिऊन थांबता येतं. कळ दाबून ताणलेल्या अवस्थेत झोपणारा माणूस टेबलावर हलतोच.

खाण्याचं बोलायचं तर कुळीथ, वाल, मटकीची उसळ, फणस, कोबी, कच्चा कांदा आणि सोड्याची पेयं यांनी ज्याला गॅस होतो, त्याने तेवढे आठवडे ती बाजूला ठेवावीत. पेज, मऊ भात, बेताच्या तिखटाचं माशाचं कालवण चालतं. आहाराने ग्रंथी हलायची थांबते असं मात्र नाही. रोज ठरल्या वेळी पोट साफ होणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी काही चूर्ण किंवा औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून सीटीच्या आधीच सुरू करा. मधेच सुरू केलं की पोट बदलतं आणि आराखडा तोच राहतो.

दोन महिन्यांऐवजी महिना, कधी आठवडा

पूर्वी प्रोस्टेटचा शेक आठवड्याला पाच दिवस असा जवळजवळ आठ आठवडे चाले, ३९ सिटिंगमध्ये ७८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). २०१६ साली ब्रिटनच्या चिप नावाच्या चाचणीचे निकाल आले. तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या त्या चाचणीत २० सिटिंगमध्ये ६० ग्रे देऊन ३७ सिटिंगइतकाच गुण आला. २०२४ मध्ये पेस-बी चाचणीने दाखवलं, की कमी आणि मध्यम धोक्याच्या आजारात पाच सिटिंगमध्ये ३६.२५ ग्रे देऊन पाच वर्षांनी आजार आटोक्यात राहण्याचं प्रमाण लांबलेल्या उपचाराइतकंच राहतं, दोन्हीकडे ९५ टक्क्यांच्या आसपास.

इथे दाण्यांचं महत्त्व एकदम वाढतं. ३९ सिटिंगमध्ये एका दिवशी नेम चुकला तर चाळिसावा हिस्सा चुकला. पाचमध्ये एकदा चुकला तर पाचवा हिस्सा, आणि तेवढ्याच ताकदीचा डोस मलाशयाच्या भिंतीवर. म्हणून पाच सिटिंगच्या उपचारात ग्रंथीभोवती धरलेली मोकळी जागा अगदी अरुंद ठेवतात आणि सिटिंग चालू असतानाही दाणे पुन्हा तपासतात, कारण गॅसचा एक बुडबुडा पुढे सरकला तरी दोन-तीन मिनिटांत ग्रंथी काही मिलिमीटर हलू शकते. सायबरनाइफ तर काही सेकंदांनी सतत एक्स-रे काढून नेम सुधारत राहतं.

सावंतवाडीच्या माणसासाठी आठ आठवडे म्हणजे मुंबईत भाड्याची खोली, सोबतीला मुलगा, त्याचे बुडालेले पगार, आणि लावणी किंवा आंब्याचा हंगाम हातचा जाणं. आठवडाभराचं काम असेल तर हे सगळं पेलतं. पाच सिटिंग सगळ्यांना चालत नाहीत. ग्रंथी फार मोठी असणं, लघवीची धार आधीच अडखळणं, आजार लसिकागाठींपर्यंत गेलेला असणं अशा बाबी पाहून डॉक्टर ठरवतात. पण २० की ५ की जास्त, आणि का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. गणपतीत घरी जायचं असेल तर तारखा सीटीच्या आधीच सांगा, सुरुवात त्याप्रमाणे पुढे-मागे करता येते. चालू शेकात आठ दिवसांची मधली सुट्टी मात्र घेऊ नका.

दाण्यांशिवायही काम चालतं का? चालतं. रोज चांगला सीटी काढून, तो नीट वाचणारी माणसं असतील, तर २० सिटिंगचा उपचार दाण्यांविना होतो. एमआरआय जोडलेल्या नव्या मशीनवर तर ग्रंथी थेट दिसते. रक्त गोठण्याचा गंभीर दोष असेल किंवा गोळ्या थांबवताच येत नसतील, तिथे हाच मार्ग बरा. पण सीटीत प्रोस्टेटची कड अंधूक असते, दोन तंत्रज्ञ ती दोन ठिकाणी धरू शकतात. तीन ठिपक्यांबाबत असं सहसा होत नाही, म्हणून जिथे सुई घालायला अडचण नाही तिथे दाणे बसवणं आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं. खर्चाची चौकशी आधी करा. दाणे आणि ते बसवण्याचं बिल शेकाच्या पॅकेजमध्ये आहे की वेगळं, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किती बसतं, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून कळतं.

शेक संपल्यावर दाणे काढत नाहीत, ते कायमचे राहतात. पुढे एमआरआय करायला अडचण नाही, सोन्याला चुंबक ओढत नाही. एवढ्याशा धातूने विमानतळाचं यंत्रही सहसा वाजत नाही. कमरेचा एक्स-रे काढायची वेळ आली तर तीन दाणे आहेत हे तिथल्या डॉक्टरांना सांगा, नाहीतर खडा समजून शोधाशोध होईल. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीच्या आकड्यावर दाण्यांचा काही परिणाम होत नाही. ती तपासणी कणकवली-रत्नागिरीतही होते, फक्त दरवेळी एकाच लॅबमध्ये करा आणि आकडे एका वहीत तारखेनिशी लिहून शेक देणाऱ्या डॉक्टरांना कळवत राहा.